गोळी बंद असते ते चार आठवडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी चिपळूण तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. गेल्या वर्षी कॅन्सरमुळे माझी थायरॉईड ग्रंथी पूर्ण काढली. पुढे मागे राहिलेल्या पेशी नष्ट करायला किरणोत्सारी आयोडीन द्यायचं होतं, म्हणून थायरॉक्सिनची, म्हणजे ती ग्रंथी बनवायची त्या संप्रेरकाची, गोळी चार आठवडे बंद ठेवायला सांगितलं. हे पत्र त्या चार आठवड्यांबद्दल आहे.

गोळी का थांबवतात, हे मला उशिरा समजलं. थायरॉक्सिन घटलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच, म्हणजे थायरॉईडला चालना देणारं संप्रेरक, वाढवते. ते 30 च्या वर गेलं की मागे राहिलेल्या थायरॉईडच्या पेशी आयोडीन नीट ओढून घेतात. निरोगी माणसाचं टीएसएच साधारण 4 च्या आत असतं. माझं 92 वर गेलं होतं.

रक्तातलं थायरॉक्सिन निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. त्यामुळे पहिला आठवडा मला काहीच जाणवलं नाही. शाळेतही सगळे म्हणाले, "बाई ठणठणीत आहेत." तिसऱ्या आठवड्यात मात्र मार्चच्या उन्हात मी स्वेटर घालून वर्गात उभी होते. चेहरा सुजलेला, हजेरी घेताना आवाज घोगरा. सातचा पाढा म्हणताना 'सात सक'पाशी थांबले ते थांबलेच. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "बेचाळीस, बाई." त्याच संध्याकाळी ब्रेक दाबायला उशीर झाला आणि स्कूटी गटारात गेली. रजेचा अर्ज दिला, तर विचारणा झाली, "ऑपरेशन तर कधीच झालं. गोळीच बंद आहे ना, मग रजा कशाला?" ते शब्द अजून मनातून जात नाहीत.

शेवटचे दोन आठवडे आयोडीन कमी असलेलं जेवण. मासे, दूध, अंडी बंद. ते जमलं, पण खाण्याच्या मिठात आयोडीन घालणं आपल्याकडे सक्तीचं, त्यामुळे बिनआयोडीनच्या मिठासाठी यजमानांनी सगळा बाजार पालथा घातला.

गोळी चालू ठेवूनही टीएसएच वाढवणारं इंजेक्शन मिळतं, लागोपाठ दोन दिवस घ्यायचं. किंमत ऐकून आम्ही तो विषय सोडला. ज्यांना ते परवडत नाही त्यांना सरकारने मदत करावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आणि हॉस्पिटलने निदान एक कागद तरी द्यावा. मला मिळालेल्या चिठ्ठीवर इंग्रजीत गोळी बंद करण्याची तारीख तेवढी होती. कोणत्या आठवड्यात काय त्रास होईल, गाडी चालवू नये, जेवणात काय चालेल, हे मराठीत लिहून द्यावं आणि सोबत रजेसाठी दाखलाही द्यावा. त्या दाखल्यात गोळी पुन्हा सुरू झाल्यानंतरचे दिवसही धरावेत. चढलेलं टीएसएच उतरायला काही आठवडे जातात. सातचा पाढा न अडखळता म्हणायला मला आणखी महिना लागला.

आपली,
एक शिक्षिका, चिपळूण