‘लॉन आहेच, दबलीय फक्त’ म्हणणाऱ्या माळीकाकांना

ती. माळीकाकांना,
सा. न. वि. वि.

मागच्या अंगणात तण माजलं की लोक आधी कार्पेट लॉनचा, म्हणजे तयार गवताच्या पट्ट्यांचा, भाव विचारतात. तुम्ही उकिडवे बसलात, गवत फाकवलंत आणि खाली रांगणारी हराळी (दूर्वा), म्हणजे दबलेली लॉनच, दाखवलीत. 400 चौरस फुटांच्या कार्पेटचा खर्च तिथेच वाचला. मनापासून आभार. पत्र उघडं लिहितोय, म्हणजे शेजारपाजारच्यांनाही उपयोग होईल.

छाटणीचं तुमचं गणित सोपं निघालं. हराळीला सहा तास ऊन मिळालं की वरचेवर छाटलेलं चालतं, उलट ती आडवी पसरते. आघाडा, टाकळा यांना ते सोसत नाही. पावसाळ्यात दर आठवड्याला कात्री, उंची दीड इंच, पण एका वेळी पात्याचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग कापायचा नाही. नाहीतर गवत पिवळं पडतं आणि मोकळ्या जागेत तण घुसतं. गाजरगवत मात्र फुलायच्या आधी मुळासकट उपटायचं, तेही हातमोजे घालून, कारण अंगाला खाज सुटते.

खरा शत्रू लव्हाळा. काडी बोटांत फिरवली की तीन कडा लागतात, ही तुमची ओळख आता लहान मुलंही वापरतात. खुरप्याने वरचं कापलं की तो जोमाने येतो, कारण जमिनीखाली काळ्या गाठींची माळ असते. शेंडा तुटला की झोपलेल्या गाठी जाग्या होतात. म्हणून पाणी देऊन वाफसा येऊ द्यायचा (माती ओलसर, पण चिखल नाही), मग खोदायचा दातेरी काटा खोल घालून गाठींसकट ढेकूळ उचलायचं आणि दर पंधरवड्याला तिथेच पुन्हा बघायचं. गाठी खताच्या खड्ड्यात टाकल्या तर खताबरोबर सगळीकडे पोचतात. पत्र्यावर कडक वाळवूनच फेकायच्या. (उटण्यातला नागरमोथा याच कुळातला. वास छान, उपद्रव मोठा.)

जिथे लव्हाळ्याशिवाय काहीच नव्हतं, तिथे एप्रिल-मे महिन्यांत माती भिजवून वर पारदर्शक प्लॅस्टिक, कडा मातीत गाडलेल्या, सहा आठवडे. काळं प्लॅस्टिक तुम्ही परत करायला लावलंत ते बरं झालं: अंधारात लव्हाळ्याचा टोकदार कोंब ते भोसकून वर येतो, उजेडात पान उघडतं आणि उन्हाने करपतं. खोलवरच्या गाठी तरीही उरतात, हेही तुम्ही आधीच सांगितलं होतं.

लाल माती विकत घ्यायची नाही, हा सगळ्यात स्वस्त सल्ला. तिच्यातूनच गाठी येतात. त्याऐवजी पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत. कच्च्यात तणाचं बी जिवंत असतं. 400 चौरस फुटांवर एक इंच थर द्यायला साधारण 33 घनफूट, म्हणजे ब्रासचा (100 घनफुटांचा) तिसरा हिस्सा पुरतो.

रिकाम्या जागी जूनमध्ये, पहिल्या चांगल्या पावसानंतर, अंगणातल्याच हराळीचे दोन-तीन पेरांचे तुकडे चार-चार बोटांवर टोचले. एक पेर मातीत, शेंडा बाहेर. आख्खा पुरला तर कुजतो. सहा आठवड्यांनी 100 चौरस फुटांना 100 ग्रॅम युरिया, पानं कोरडी असताना, लगेच भरपूर पाणी. ओल्या पानांवर दाणे चिकटले की ठिपके जळतात.

आंब्याखाली हराळी धरणार नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. तिथे फरशीचे उरलेले तुकडे टाकलेत. तुमची कात्री धार लावून आणली आहे, ती न्यायला चहाच्या वेळी या.

आपले,
मागच्या अंगणवाले