फाइल हरवलेली नसते, बाबा

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आधीचा सातबारा सापडेना म्हणून तुम्ही पुन्हा 15 रुपये भरून नवा काढलात, असं आईने सांगितलं. पैशांचं काही नाही. पण फळपीक विम्याची घाई, देवगडच्या लाइटीचा भरवसा नाही आणि तुम्ही कॉम्प्युटरपुढे हैराण, हे ऐकून मला इथे पुण्यात चैन पडेना. म्हणून सविस्तर लिहितो.

क्रोममधून उतरवलेली फाइल, आपण वेगळं सांगितलं नसेल तर, डाउनलोड्स फोल्डरमध्येच जाते. क्रोम उघडं असताना कंट्रोल आणि जे ही बटणं एकत्र दाबा. उतरवलेल्या फायलींची यादी येईल. हव्या त्या नावाशेजारच्या फोल्डरच्या चिन्हावर क्लिक केलंत की ती जिथे आहे तोच फोल्डर उघडतो. नावावर काट मारलेली दिसली, तर ती तिथून हलवली किंवा पुसली गेली आहे. मग रिसायकल बिन बघा. तिथे मिळाली तर राइट क्लिक करून रिस्टोअर करा, मूळ जागी परत जाईल.

क्रोमशी संबंध नसेल, म्हणजे तुमचा पेट्यांचा हिशोब वगैरे, तर विंडोजचं बटण आणि ई दाबा. डावीकडे धिस पीसी निवडा आणि मगच वर उजवीकडच्या चौकोनात नाव टाइप करा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण जो फोल्डर उघडा असेल तेवढ्यातच शोध होतो. सगळा कॉम्प्युटर धुंडाळायला वेळ लागतो, तेवढं थांबा. सापडली की राइट क्लिक करून ओपन फाइल लोकेशन म्हणा.

डेस्कटॉपवरच्या ज्या चिन्हाच्या कोपऱ्यात बाण आहे, ती फाइल नव्हे, शॉर्टकट आहे, म्हणजे फाइलकडे नेणारी नुसती खूण. पेनड्राइव्हवर तो कॉपी केलात तर हिशोब सोबत जाणार नाही. विमावाल्यांकडे जाताना हे नक्की बघा.

आणि नावं. स्कॅन केलेला सातबारा म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी नुसता फोटो. त्यातला गट नंबर शोधून सहसा मिळत नाही, त्यामुळे सगळी भिस्त नावावर. फाइल निवडून एफ टू दाबा आणि मराठीतच लिहा: "2025 सातबारा वरची बाग". साल आधी लिहिलंत की यादी आपोआप सालवार लागते. स्लॅश मात्र नावात चालत नाही, म्हणून 7/12 आकड्यात लिहू नका.

आई, व्हॉट्सअॅप वेबवरून उतरवलेले फोटोही डाउनलोड्समध्येच असतात. तिथे नवे वर दिसत नसतील तर डेट मॉडिफाइडवर क्लिक कर, तरीही जुनेच वर राहिले तर पुन्हा एकदा कर. मीनलच्या बाळाचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये घालून ठेव, पुढच्या वेळी सगळ्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊ.

रविवारी सकाळी फोन करतो. तोपर्यंत बाबांनी नवा सातबारा काढायचा नाही, आधी कंट्रोल आणि जे.

तुमचा,
अमोल