आईचा वाटा आणि तुमचा अभ्यास

मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभात सगळे पदांबद्दल बोलले. आधी जिल्हा न्यायालयातली वकिली, मग लॉ कॉलेजात अध्यापन, पुढं विभागप्रमुख. मानाचीच गोष्ट आहे. पण तुमच्या संशोधनाचं पुढं काय झालं, हे आमच्या घरानंच सांगायला हवं.

आजोबा २००३ मध्ये वारले. करवीर तालुक्यातली जमीन वडिलोपार्जित. मामांचं म्हणणं एकच, "मुलींना वाटा देणारा कायदा २००५ चा, अण्णा त्याआधीच गेले. तुझा वाटा बसत नाही, अक्का." हक्कसोडपत्र टाईप करून तयार होतं आणि माहेर तुटेल या धास्तीनं आई सही करणारच होती.

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून कागद चाळले आणि विचारलंत, "वाटप झालंय म्हणता, ते रजिस्टर आहे का?" ते तोंडीच होतं. मग तुम्ही उलगडून सांगितलंत: २० डिसेंबर २००४ पूर्वीचं नोंदणीकृत वाटपपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा नसेल, तर नुसत्या तोंडी वाटपानं मुलीचा हक्क सहसा जात नाही. आणि तो हक्क जन्मानं येतो. कायदा लागू झाला त्या ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलंय.

तुमची पीएचडी याच दुखण्यावर, हे मला नंतर कळलं. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना सहदायिक, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं हिस्सेदार केलं, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. आईचं लग्न १९८८ चं! शाहू महाराजांचा १९१७ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा, स्त्रियांच्या छळाविरुद्धचा १९१९ चा कायदा, यांसाठी तुम्ही मोडी शिकलात. त्या काळात काही सहकारी म्हणायचे म्हणे, "जुन्या कागदांत काय मिळणार?" मिळालं की.

मला सगळ्यात भावलं ते वेगळंच. दावा ठोका, असं तुम्ही म्हणाला नाहीत. मामांना चहाला बोलावून तोच निकाल त्यांच्यापुढं ठेवलात. मामी मध्येच म्हणाल्या, "मग माझ्या माहेरचं काय?" मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

सातबाऱ्यावर आता आईचं नाव आहे. गुऱ्हाळ सुरू झालं की गूळ पोचवतोच. आणि एक विनंती, तुमचे ते लेख इंग्रजीतच आहेत, मराठीत आणा. टाईप करायला माझी थोरली तयार आहे.

आपला,
एका अक्काचा मुलगा