खडपावर उतरायची वाट परत द्या
मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

मी रत्नागिरी तालुक्यातल्या एका खाडीमुखावरच्या गावचा. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तसं केलं की चौकशी बंधाऱ्याची होत नाही, पत्र लिहिणाऱ्याची होते. नोकरी सोडून घरी बसलो आहे. माझी आई ७१ वर्षांची आहे. अमावास्येनंतरच्या तृतीयेला ती कालवं (खडकाला चिकटलेल्या शिंपल्या) फोडायला खडपावर, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकावर, निघाली आणि बंधाऱ्याच्या टेट्रापॉडवरून, म्हणजे चार पायांच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवरून, घसरून दोन सिमेंटच्या पायांमधल्या फटीत पडली. उजव्या मनगटाची दोन्ही हाडं मोडली. तिला वर काढायला चार जण लागले. पाणी भरायला लागायच्या आत काढली म्हणून आज हे पत्र लिहितो आहे, नाहीतर दुसरंच काही लिहावं लागलं असतं.

ती तिथे कशाला गेली, असं तुमचा एखादा सचिव विचारील. ती तिथे साठ वर्षं जाते आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे गणित तिला तिच्या आईने शिकवलं आणि तिने मला. तृतीयेला सव्वादोनची भरती, म्हणजे सकाळी सव्वाआठला ओहोटीने पाणी सुकलेलं. उधाणाचा, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरती-ओहोटीचा, जोर अजून असतो, खडप लांबवर उघडं पडतं, आणि उन्हं वर आलेली असल्यामुळे पाय ठेवायची जागा दिसते. इतका विचार करून ती घराबाहेर पडते. माझी आई बेफिकीर नाही, मंत्रिमहोदय. फक्त तिच्या पायाखालची वाट कोणीतरी काढून घेतली आहे.

दोन वर्षांपूर्वी धूपप्रतिबंधक बंधाऱ्यासाठी ग्रामसभा झाली. बंधारा नको असं आमच्यापैकी एकानेही म्हटलं नाही. आमच्या डोळ्यांदेखत माडांच्या दोन रांगा समुद्राने नेल्या होत्या. आम्ही एवढंच सांगितलं की बायका जिथून खडपावर उतरतात, तिथे तीन ठिकाणी पायऱ्या ठेवा. बंधाऱ्यासाठी आलेले सरकारी साहेब मान हलवून म्हणाले, “नक्की ठेवू, ही तर साधी गोष्ट आहे.” इतिवृत्तात तसं लिहिलं आहे आणि त्याची प्रत माझ्या कपाटात आहे. बंधारा झाला, बिलं निघाली, फलक लागला. पायऱ्या एकाही ठिकाणी नाहीत. गेल्या वर्षभरात मी पाच अर्ज दिले. पहिल्याला पोच मिळाली, दुसऱ्याला “संबंधितांकडे पाठविले” असं उत्तर आलं आणि पुढच्या तिघांना काहीच नाही.

आई पडल्यावर मी सहावा अर्ज घेऊन स्वतः कचेरीत गेलो. समोरच्या माणसाने आधी विचारलं, होडी आहे का? नाही. मच्छिमार संस्थेचे सभासद आहात का? नाही. परवाना? नाही. “मग तुमचा मासेमारीशी संबंध काय? तिथे उतरायचं कशाला?” आईचं मनगट प्लास्टरमध्ये होतं, घरी ती डाव्या हाताने भात कालवत होती, आणि हा माणूस मला संबंध विचारत होता. मी काही बोललो नाही. घरी येईपर्यंत एसटीत खिडकीकडे तोंड करून बसलो होतो.

तो संबंध काय, ते तुम्हाला सांगतो.

आमच्या वाडीत ४२ घरं आहेत. होड्या सहा. बाकीच्या घरांतही मासे खातात, आणि सगळे काही बाजारातून आणत नाहीत. पावसाळा सोडला तर दर उधाणाला घरातलं कोणी ना कोणी खाडीत उतरतं. बायका खडपावर कालवं फोडतात, वाळूत बसून मुळे काढतात, कंबरभर पाण्यात पायाने चाचपून तिसऱ्या गोळा करतात; दोन्ही शिंपल्यांचेच प्रकार. पुरुष गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जातात. मी स्वतः वयाच्या आठव्या वर्षापासून गरवतो. तंगूस (नायलॉनची दोरी), शिसं, गरी (गळाचा आकडा) आणि कोळंबीचा तुकडा, एवढं सामान पुरतं. भरती लागताना पुलाच्या खांबापाशी तांबोशी मिळते, खाजणाच्या तोंडाशी काळुंदर, आणि वाळूच्या पट्टीवर मुडदुशा. वडील दोरी माझ्या बोटावर गुंडाळून द्यायचे आणि सांगायचे, ओढू नकोस, त्याला घेऊ दे. आज मी माझ्या नातवाला तेच सांगतो. विकायला नाही हो, घरच्या तव्यासाठी. जास्त मिळालं तर शेजारी. महिन्याची दोन उधाणं आणि वर्षाचे आठ महिने धरले, तर एका वाडीची सहा-सातशे जेवणं होतात. कालवांचं सुकं, तिसऱ्यांची एकशिपी. आजारातून उठलेल्या माणसाने याच खाडीवर अंग धरलं आहे.

यातलं एकही जेवण तुमच्या खात्याच्या आकड्यांत नाही. तिथे मोजणी बंदरावर उतरलेल्या माशांची होते. जे टोपलीतून थेट चुलीवर गेलं, ते पकडलंच गेलं नाही, आणि ते पकडणारा माणूसही नाही. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा होडीला परवाना देतो. चालत उतरणाऱ्या बाईला तो ओळखत नाही. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला तेव्हा गावात पेढे वाटले गेले. मीही खाल्ला. पण शेतीचा दर्जा म्हणजे वहिवाटीची वाटही आली ना? शेतात जायची वाट कोणी अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागता येते. माझ्या आईची साठ वर्षांची वहिवाट सिमेंटखाली गेली, तिने कुठे जायचं?

आणि ही एका बंधाऱ्याची गोष्ट नाही. जेटीवर गेली तीस वर्षं आम्ही गरवत होतो. आता तिथे रखवालदार आहे, तो पास मागतो. माझ्या नातवासमोर मला हाताला धरून खाली उतरवलं. पर्यटकांना तिथे फोटो काढता येतात. पुढच्या वळणावर कोणी कुंपण घातलं आहे, त्याच्या मागून खाडीत उतरायची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, होती. रात्री खाडीत वाळू उपसणारे सक्शन पंप चालतात आणि वाळूबरोबर तिसऱ्यांचं बी वर येऊन ढिगात सुकून मरतं. तिसरी खालच्या वाळूत राहते, तिला पळता येत नाही. पंप लागलेल्या पट्ट्यात गेली तीन वर्षं पाय घातला की नुसता चिखल. आणि तुमची माणसं मला सांगतात की गावकरी बारकी तिसरी काढतात म्हणून त्या संपल्या!

काढणाऱ्यांना सोबत घेऊन शिंपल्या राखता येतात, हे केरळने दाखवलं आहे. अष्टमुडी तलावात १९९० च्या सुमारास शिंपल्यांवर अतोनात ताण आला. तेव्हा तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी काढणी बंद केली, जाळीचा आस (भोकाचं माप) ३० मिलिमीटरच्या खाली चालणार नाही असं ठरवलं, यंत्राने काढायला मनाई केली. काढणारी माणसं त्यात होती, म्हणून ते टिकलं. २०१४ मध्ये त्या शिंपल्यांना शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. आम्हालाही नियम घाला. बारकी परत टाका म्हणा, दोन महिने उतरू नका म्हणा, आम्ही ऐकू. माझी आई आजही बोटाच्या पेरापेक्षा लहान तिसरी घरी आणत नाही, कोणत्याही परिपत्रकाशिवाय.

पण नियम घालायला आधी आम्ही आहोत हे मान्य करावं लागेल, आणि तिथेच सगळं अडतं. शाळेत महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर शिकलो, नव्या मोजणीत तो ८७७ किलोमीटरच्या वर गेला. किनारा वाढला आणि त्यावर उतरायची जागा कमी झाली. पालघर जिल्ह्यातल्या वाढवणच्या बंदराला ७६,२२० कोटी मंजूर होतात, तिथले मच्छिमार विरोध करतात तरी भूमिपूजन होतं. मुंबईत वरळीच्या कोळ्यांना सागरी रस्त्याच्या (कोस्टल रोडच्या) दोन खांबांतलं अंतर ६० मीटरचं १२० मीटर करून घ्यायला वर्षानुवर्षं भांडावं लागलं, तेव्हा होड्या जायला वाट मिळाली. त्यांच्याकडे होड्या होत्या, संस्था होत्या, वकील होते. आमच्याकडे टोपल्या आहेत. समुद्र आणि वाहतं पाणी ही जनतेची ठेव आहे आणि सरकार तिचं विश्वस्त आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने बियास नदीच्या प्रकरणात डिसेंबर १९९६ मध्ये सांगितलं. विश्वस्ताने देवळाला कुलूप घालावं आणि भाविकाला ओळखपत्र मागावं, तसं चाललं आहे.

मी रागावून लिहितो आहे, मला कळतं. मनगटात प्लेट बसवली आहे, बोटं पूर्ण मिटत नाहीत. डॉक्टर म्हणतात मिटतील हळूहळू. त्याच हाताने ती कालव फोडते. एक ठोका वरच्या शिंपीवर, आणि आतलं मांस अख्खं बाहेर. हे मला आजवर जमलेलं नाही. काल तिने पंचांग मागवून घेतलं, पुढची तृतीया कधी आहे ते पाहिलं आणि मिटून ठेवलं. मला विचारलं, “पायऱ्यांचं काय झालं रे?”

साहेब ग्रामसभेत असंही म्हणाले होते की बंधाऱ्याच्या दगडांवरही कालवं धरतील. खरं आहे, धरली आहेत. फटींच्या आत, पाच-सहा फूट खाली. वरून दिसतात.

माझं मागणं मोठं नाही. इतिवृत्तात लिहिलेल्या तीन ठिकाणी पावसाळ्याआधी पायऱ्या आणि हाताला धरायला कठडा. रात्रीचे पंप बंद. आणि यापुढे किनाऱ्यावर कोणतंही काम ठरवताना, उतरून गोळा करणाऱ्या बायकांना सभेत बोलवून त्यांच्या वाटा नकाशावर आधी काढून घ्या. जागा दाखवायला मी येईन, आईही येईल. फक्त पाणी सुकलेलं असताना या. भरतीला आलात तर खडप दिसणार नाही.

आपला,
एक गरवणारा
तालुका रत्नागिरी