‘सुटला’ म्हणणारे आणि जोक मारणारे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत विनोदाची पातळी घसरल्याबद्दल लेख आला होता तो वाचला. लेख बरा आहे, पण मला पटला नाही, आणि का पटला नाही हे मी आमच्या मेडिकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं तर एकाने मला विकृत म्हटलं, दुसऱ्याने हात जोडलेला इमोजी टाकला आणि तिसऱ्याने दुपारी तीन वाजता सुप्रभातचा फोटो टाकून विषय वर ढकलून दिला. म्हणून म्हटलं तुम्हालाच लिहावं. छापा नाहीतर नका छापू.

लेखात त्या स्टँडअपवाल्यांचं प्रकरण आलंय. समय रैना आणि आणखी चौघांना सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2025 मध्ये माफी मागायला सांगितली, अपंगांवर जोक केले म्हणून, आणि त्यातला सगळ्यात गाजलेला जोक होता एका तान्ह्या बाळाच्या 16 कोटींच्या इंजेक्शनवरचा. बाळाला एसएमए. म्हणजे मणक्यातल्या ज्या पेशी स्नायूंना हलवतात त्या मरत जातात, मूल मान धरत नाही, पुढे गिळणं अवघड आणि मग श्वास घेणंही अवघड. लेखक म्हणतात असल्या विषयावर विनोद होऊच शकत नाही, मरणाच्या दारातल्या जिवाची थट्टा करणारा माणूसच नव्हे वगैरे. इथं माझं बिनसतं. होऊ शकतो. तो जोक मलाही आवडला नाही, पण कारण वेगळंय, तो आळशी जोक होता. इंजेक्शनसाठी लोकांकडे मागितलेले एवढे पैसे बाळाच्या आईच्या खात्यात आले तर तिची नियत कशी फिरेल, यावर हसायचं. अरे, समोर एका इंजेक्शनची किंमत 16 कोटी लावलेली आहे, केवढा मोठा जोक आयता ताटात वाढून ठेवलाय, आणि तुम्हाला थट्टा करायला सापडली कोण, तर झोळी घेऊन फिरणारी बाई!

मी हे इतकं खात्रीने बोलतोय कारण माझा धाकटा भाऊ असाच होता. एसएमए नाही, त्याला मस्क्युलर डिस्ट्रॉफी होती, ड्युशेन नावाची, ती बहुतेक मुलग्यांनाच होते. चार-पाच वर्षांचा असताना जमिनीवरनं उठायचा तर आधी हात टेकून बूड वर, मग एक हात गुडघ्यावर, मग मांडीवर, असा स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उठायचा. पोटऱ्या मात्र ह्या एवढ्या भरलेल्या. आमचा एक मामा त्या पोटऱ्या दाबून म्हणायचा की हा पोरगा तालमीत नाव काढणार. त्या आजारात पोटऱ्या अशाच फुगतात हे आम्हाला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. अकराव्या वर्षी व्हीलचेअर आली आणि बाविसाव्या वर्षी, 2001 साली, तो गेला.

आणि हा पोरगा आमच्या घरातला सगळ्यात विनोदी माणूस होता. टेपरेकॉर्डर त्याच्याच उशाशी असायचा, पुलंच्या अंतू बर्व्याची कॅसेट इतकी वाजवली की एका ठिकाणी टेप ताणून पुलं दारू प्यायल्यासारखे बोलायचे आणि त्याला तेच जास्त आवडायचं. एकदा वडिलांकडे विम्याचे एजंट आले होते, ओळखीचेच, चहा घेत घेत मॅच्युरिटी आणि बोनस समजावून सांगत होते. हा खुर्चीतनं म्हणाला, “काका, माझी काढा की, लवकर मॅच्युअर होईल.” एजंटकाकांचा चहा बशीतनं थेट पँटवर. वडील पेपरात तोंड घालून बसले. आई स्वयंपाकघरात पळाली, मी मागनं गेलो तर ती ओट्याला टेकून तोंडात पदर कोंबून हसत होती, डोळ्यातनं पाणी वाहतंय आणि हसतेय. एजंटकाकांनी ही गोष्ट गावभर केली आणि मग आत्या दोन दिवस मुक्काम करून आईला समजावत होती की अशा पोरासमोर आईने हसणं शोभत नाही. आत्या आता नव्वदीला आलीय, अजून तिने आईला माफ केलेलं नाही.

तो गेला तेव्हा घरी दहा दिवस माणसांची रीघ होती. चांगली माणसं, पिठलं-भाकरी घेऊन येणारी माणसं. आणि प्रत्येकजण जाताना एकच शब्द ठेवून जायचा, “सुटला.” सुटला बिचारा. कुणी कुणी तर “तुम्हीही सुटलात” असंही म्हणाले, आईच्या पाठीवर हात फिरवत. आई ऐकून घ्यायची. दहाव्याला मात्र एका बाईंना म्हणाली, “मी कुठं बांधलेली होते?” त्या बाईंना कळलंच नाही.

आता माझं नावडतं मत ऐका, ह्याच्यावरनंच ग्रुपवर राडा झाला. स्टेजवर उभा राहून कुणीतरी अपंग बाळावर फालतू जोक मारला त्यापेक्षा मला हे ‘सुटला’ जास्त लागतं. जोक मारणारा निदान ओळखू येतो, त्याला शिव्या घालता येतात, कोर्टात खेचता येतं. ‘सुटला’ म्हणणाऱ्याला तुम्ही चहा देता. आणि म्हणतो काय तो? की हे आयुष्य मुळात आयुष्यच नव्हतं, नुसती शिक्षा होती, संपली ते बरं झालं. मग जगणं अमूल्य असतं वगैरे आपण म्हणतो ते नक्की कुणाचं, धट्ट्याकट्ट्यांचंच ना? माझ्या भावाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता मला अजून चार वर्ल्डकप बघायचेत.

तुमच्या लेखकाला जुना विनोद निर्मळ वाटतो त्याचंही मला हसू येतं. जुन्या नाटक-सिनेमांत तोतरा, चकणा, बहिरा, लंगडा, हे काय होतं मग? बहिऱ्याला भलतंच ऐकू आलं की थिएटर डोक्यावर घ्यायचे लोक, आणि मीही हसलोय, खोटं कशाला बोलू. आता टीव्हीवर दर स्किटमध्ये एक पुरुष साडी नेसून येतो, एक जाड बाई असते तिला म्हैस म्हणायचं, एक सावळी असते तिला लोडशेडिंग म्हणायचं, आणि समोर सोफ्यावर बसलेले पाहुणे मांडीवर थापा मारत असे हसतात की मला त्यांच्या बीपीची काळजी वाटते, धंद्याची सवय म्हणा. सगळेच वाईट नसतात, काही कलाकारांचं टायमिंग लाजवाब आहे, पण अंतू बर्व्याला आपण हसत नाही, अंतू बर्वा बोलतो म्हणून हसतो, हा फरक मला माझ्या भावाने समजावला होता, वय वर्ष चौदा. टीव्हीवाल्या जाड बाईला स्वतःचा एक तरी पंच द्या की. नाहीतर ती नुसतं फर्निचर.

दुसरा प्रकार म्हणजे रडवणारा, तो तर मला त्याहून नकोसा. मालिकेत अपंग पात्र आलं की दोनच शक्यता, एकतर तो देवमाणूस नाहीतर शेवटी देवीसमोर उठून चालायला लागणार. न्यूज चॅनलवर मागे बासरी आणि खाली पट्टी, ‘चिमुकलीची झुंज’. आणि पेपरही कमी नाहीत हो, रागावू नका, ‘मृत्यूशी झुंज अखेर अपयशी’ हे शीर्षक तुमच्याकडे पट्टीवर कायमचं कोरून ठेवल्यासारखं दर महिन्याला येतं. म्हणजे गेलेला माणूस मरून वर नापासही.

कोर्टाने पुढे नोव्हेंबरमध्ये त्या कॉमेडियनना सांगितलं की महिन्यातनं दोन कार्यक्रम करा, अपंग लोकांच्या यशोगाथा दाखवा आणि एसएमएच्या पेशंटसाठी पैसे गोळा करा. पैसे जमले तर चांगलंच आहे, मी कशाला नाही म्हणू. पण यशोगाथा? माझ्या भावाची यशोगाथा नाही. दहावीला लेखनिक घेऊन 58 टक्के, त्यानंतर घरीच. त्याने चित्र काढलं नाही, शिखर सर केलं नाही, मेडल आणलं नाही. दिवसभर रेडिओ ऐकायचा, खिडकीतनं दिसणाऱ्या प्रत्येकाला टोपणनाव द्यायचा (समोरच्या निवृत्त हेडमास्तरांना त्याने ठेवलेलं नाव इथं लिहिण्यासारखं नाही) आणि माझं पहिलं प्रेमपत्र त्याने डिक्टेट केलं होतं. एवढंच. हे एवढं पुरतं की नाही, ते सांगा. मला तर वाटतं 2016 पासून सगळीकडे ‘दिव्यांग’ म्हणायला लागले ते ऐकून तो एवढंच म्हणाला असता, दिव्य आहे म्हणता तर मग त्या सरकारी ऑफिसात दाखल्यासाठी बाबांनी मला पाठीवर घेऊन दोन जिने का चढवलं, उडत गेलो असतो की.

आता किंमतीचं. मी गेली सव्वीस वर्षं काउंटरला उभा आहे. माझ्यासमोर रोज लोक आयुष्याचा भाव करतात, फक्त हळू आवाजात करतात. दहाच्या स्ट्रिपमधनं चार गोळ्या कापून द्या. बीपीची एक दिवसाआड घेतली तर चालेल का. आजीची महागडी नको, नातवाचं सिरप द्या. कात्रीने स्ट्रिप कापताना जो आवाज येतो ना, तो मला झोपेतही ओळखू येतो. त्यामुळे जीव अनमोल असतो असं कुणी भाषणात म्हटलं की मला बिलबुक दिसतं.

ते 16 कोटींचं इंजेक्शन अमेरिकेत 2019 मध्ये मंजूर झालं, एकदाच द्यायचं. 2021 मध्ये मुंबईच्या एका बाळासाठी ते आणताना त्यावरचे कर माफ करावे लागले, ते करच सहा कोटींच्या आसपास. म्हणजे सहा कोटी कर लागू शकतो हे सरकारलाही बाळ आजारी पडल्यावर कळलं. दुर्मिळ आजारांच्या सरकारी धोरणात मदत मिळते ती जास्तीत जास्त 50 लाख, त्यासाठी ठराविक मोठी हॉस्पिटलं आहेत, आपल्याकडे मुंबईचं केईएम. 16 कोटी वजा 50 लाख, गणित तुम्हीच करा. त्याच एसएमएवर पाजायचं एक औषध आहे, रिसडिप्लाम. मूळ कंपनीची बाटली सहा लाखांच्या वर. पेटंटवरून कोर्टबाजी झाली, ऑक्टोबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने आपल्या हैदराबादच्या नॅटको कंपनीच्या जेनेरिकला, म्हणजे तेच औषध स्वस्तात बनवून विकण्याला, आडकाठी केली नाही आणि त्यांनी बाटली बाजारात आणली 15,900 रुपयांना. सहा लाखांवरनं 15,900! बाटलीवर छापलेल्या ह्या दोन आकड्यांइतका क्रूर जोक कुठल्या स्टँडअपवाल्याने मारलाय ते मला दाखवा. त्याच्याबद्दल कुणी माफी मागितल्याचं माझ्या तरी वाचनात नाही, ग्रुपवर मी तो रेट टाकला तर एकाने मार्जिन किती ते विचारलं.

बाकी विकृत म्हणायचं तर म्हणा. घरी आईला हे पत्र वाचून दाखवलं, तिला आता नीट दिसत नाही. विम्याच्या एजंटचा भाग तिने दोनदा वाचायला लावला आणि म्हणाली, पँट पांढरी होती ते लिही. तर पँट पांढरी होती.

आणि एक विनंती, छापलंत तर वर ‘दिव्यांग भावाच्या हृदयस्पर्शी आठवणी’ असलं काही टाकू नका.

आपला,
एक मेडिकल दुकानदार, सातारा जिल्हा