राजाच्या तिजोरीचं काय?

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला इंग्लंडच्या यादवीवरचा लेख वाचला, चांगलाय, पण सगळं खापर धर्मावर फोडलंय ते काही पटलं नाही. राजा पहिल्या चार्ल्सने 1629 मध्ये पार्लमेंट बरखास्त केलं आणि 11 वर्षं बोलावलंच नाही, मग पैसा आणायचा कुठून, तर युद्धाच्या वेळी किनाऱ्यावरची गावं जहाजांसाठी जो कर द्यायची तो ह्याने युद्ध नसताना 1635 पासून आतल्या, समुद्राचं तोंडही न बघितलेल्या गावांवरही बसवला. जॉन हॅम्पडन म्हणून एक जमीनदार होता, त्याच्या वाट्याला फक्त 20 शिलिंग आलेले, सहज भरू शकला असता, पण नाही म्हणाला आणि प्रकरण थेट कोर्टात गेलं. 12 पैकी 7 न्यायाधीश राजाच्या बाजूने, म्हणजे केस राजाच जिंकला, पण 5 जण विरोधात गेले त्याचीच चर्चा जास्त झाली आणि लोकांनी कर भरणं कमी केलं.

धर्म होताच, नाही कोण म्हणतंय, 1637 ला स्कॉटलंडवर नवं प्रार्थनापुस्तक लादलं तेव्हा एडिंबरोच्या चर्चमध्येच दंगल झाली. पण त्यातून पेटलेल्या बंडाशी लढायला खिशात पैसे नव्हते म्हणूनच 1640 मध्ये पार्लमेंट बोलवावं लागलं ना! पुढे 1642 च्या जानेवारीत राजेसाहेब स्वतः शिपाई घेऊन पाच खासदारांना पकडायला सभागृहात घुसले, ते पाचही आधीच पसार, आणि ऑगस्टपर्यंत राजा आणि पार्लमेंटमध्ये लढाईला तोंड फुटलं. लेखात हॅम्पडनचं नावसुद्धा नाही, आणि त्या पाचांत तोही होता.

– एक वाचक, सांगली