वजन उतरल्यानंतरच्या शरीराविषयी चिरंजीवास पत्र

विश्रामबाग, सांगली

चिरंजीव बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मोठा मेसेज मी शांतपणे वाचला. त्याचे उत्तर फोनवर न देता लिहून पाठवत आहे, कारण फोनवर बोलताना घरातले सगळेच जवळपास असतात आणि तू जे लिहिलेस ते माझ्यापुरते आहे, असे मला वाटले. शिवाय यातल्या काही गोष्टी तुला पुन्हा पुन्हा वाचाव्याशा वाटतील.

वजन उतरवण्यासाठी जानेवारीत जठराची स्लीव्ह शस्त्रक्रिया झाल्यापासून शुगरच्या गोळ्या बंद झाल्या, झोपेतले घोरणे थांबले, जिना चढताना धाप लागत नाही, हे सगळे मान्य करून तू विचारतोस, की मग आरशासमोर उभे राहिल्यावर इतके वाईट का वाटते, आणि असे वाटणे म्हणजे कृतघ्नपणा तर नव्हे? नाही, तो कृतघ्नपणा नव्हे. प्रकृती सुधारली तेवढे पुरे, दिसण्याचे काय एवढे घेऊन बसायचे, असे तुला सांगणारे भेटतील आणि ते आपुलकीनेच सांगतील. पण मला त्यांचे म्हणणे पटत नाही. ज्या शरीरात तू तीस वर्षे राहिलास ते आठ महिन्यांत ओळखू येईनासे झाले, तर मन बावरणारच. औषधाच्या दुकानात आयुष्य काढताना मी पाहिले आहे, की माणसे आजाराविषयी मोकळेपणाने विचारतात, परंतु गळणारे केस, अंगावरचे डाग किंवा सैल पडलेली कातडी यांविषयी विचारताना दुकानातली गर्दी ओसरण्याची वाट पाहतात. ते दुःख लहान असते म्हणून ती माणसे थांबत नाहीत.

मात्र तुझ्या मेसेजमधल्या एका वाक्याने मला खरी काळजी लागली. १२८ किलोंवरून ८८ किलोंवर आलो तरी पोट लोंबतेच आहे, म्हणून हल्ली रात्रीचे जेवण सोडले आहे, असे तू लिहिलेस. बाळा, जे लोंबते आहे त्यात आता मेद थोडा आणि कातडे जास्त आहे, आणि कातडे उपाशी राहून कमी होत नाही. त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजेन आणि इलास्टिन यांचे तंतू असतात व त्यांच्यामुळेच ताणलेली त्वचा पुन्हा मूळ जागी येते. ती अनेक वर्षे ताणलेली राहिली, की त्या तंतूंची वीण विस्कटते आणि आतला मेद वेगाने निघून गेला तरी वरचे आवरण तेवढ्या प्रमाणात आटत नाही. किती आटेल हे वय, लठ्ठपणा किती वर्षे होता, वजन किती उतरले, अनुवंश आणि तंबाखूचे व्यसन यांवर ठरते. व्यसन तुला नाही आणि वयही तुझ्या बाजूचे आहे. तरीही चाळीस किलो उतरल्यावर पोट, छाती, दंड आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला थोडीफार सैल कातडी राहणार, हे तुला स्पष्ट सांगायला हवे. यात तुझी काही कसूर नाही आणि शस्त्रक्रियेचीही नाही.

जेवण सोडल्याने उलट नुकसान होते. स्लीव्हच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकलेला असतो, त्यामुळे तुझ्या पोटात आधीच थोडे अन्न मावते. त्यातले एक जेवण वगळले, तर शरीराला लागणारी प्रथिने कुठून मिळणार? तुझ्या डॉक्टरांनी दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने घ्यायला सांगितली आहेत. ती मिळाली नाहीत, तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून गरज भागवते, आणि स्नायू गेले, की वरची कातडी अधिकच सैल दिसते. म्हणजे ज्या गोष्टीची तुला लाज वाटते आहे तीच उपासाने वाढेल. ताटात आधी प्रथिने घे आणि भाकरी शेवटी, पोटात जागा उरली तर. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम आणि १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम प्रथिने असतात. अंडी तू पुण्यात खातोस हे मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मोड आलेल्या मटकीची उसळ, घट्ट वरण आणि दही हेही रोज असू दे. आठवड्यातून दोन-तीन दिवस वजने उचलण्याचा व्यायाम कर. नुसत्या चालण्याने स्नायू भरत नाहीत.

केसांचे तू लिहिलेस त्याचे कारण सांगतो, म्हणजे भीती थोडी कमी होईल. डोक्यावरचे बहुतेक केस कोणत्याही वेळी वाढीच्या अवस्थेत असतात आणि थोडे विश्रांतीच्या. शस्त्रक्रियेचा ताण आणि झपाट्याने उतरणारे वजन यांमुळे पुष्कळ केस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात व सुमारे तीन महिन्यांनी गळू लागतात. तुझी शस्त्रक्रिया जानेवारीत झाली आणि केस एप्रिलमध्ये गळू लागले, हे अगदी त्या हिशेबाप्रमाणेच आहे. मुळे शाबूत असतात, त्यामुळे साधारण सहा महिन्यांत गळती ओसरते आणि केस परत येतात, परंतु महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढत असल्याने डोके भरलेले दिसायला वेळ लागतो. कपाळावरचे केस मागे सरकणे ही गोष्ट निराळी आहे. ती आपल्या घराण्यातली आहे आणि तिचा वजनाशी संबंध नाही. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या कोणी सुचवल्या म्हणून मनाने सुरू करू नकोस. शरीरात बायोटिनची कमतरता नसेल, तर त्यांचा विशेष उपयोग होत नाही, आणि मोठ्या मात्रेतल्या बायोटिनमुळे थायरॉइडच्या व हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. त्यापेक्षा लोह, बी-१२, जस्त आणि ड जीवनसत्त्व यांकडे लक्ष दे. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नकोस, दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर ठेव. या गोळ्या तुला जन्मभर घ्यायच्या आहेत, हे मनाशी एकदा पक्के झाले, की त्यांचा कंटाळा येणार नाही.

मलमांविषयी मी ठामपणे लिहितो, कारण दुकानाच्या फळीवर ती माझ्या डोळ्यांसमोर असतात. कातडी घट्ट करण्याचा दावा करणारे कोणतेही क्रीम किंवा तेल, चाळीस किलो वजन उतरल्यावर लोंबणारी कातडी वर ओढून आणत नाही. त्यावर पैसे घालवू नकोस. पोटाच्या घडीखाली लाल होऊन खाज येते असे तू लिहिलेस, त्याचा उपचार मात्र लगेच व्हायला हवा. घडीत घाम साचतो, कातडी कातडीवर घासते आणि पावसाळ्यात तिथे बुरशी धरते. आंघोळीनंतर ती जागा मऊ फडक्याने पूर्ण टिपून कोरडी कर, सुती कपडे घाल आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखव. दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी, स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचे औषध एकत्र असलेली मलमे लावू नकोस. त्यांनी दोन दिवस बरे वाटते, पण पुढे कातडी पातळ होते, तिच्यावर ताणल्यासारखे पट्टे उमटतात आणि बुरशी अधिक चिवट होते. अशा मलमांनी बिघडलेले किती रुग्ण या सांगली-मिरजेच्या डॉक्टरांकडे येतात, हे मी जवळून पाहिले आहे.

चेहऱ्याचे दुःख वेगळे आहे, कारण तो झाकता येत नाही. तासगावच्या लग्नात तुला ज्यांनी ‘खंगलास’ म्हटले, ‘शुगर झाली का’ असे विचारले, आणि ज्यांनी मागे उभे राहून दारूचा विषय काढला, त्यांचे बोलणे माझ्याही कानावर आले. गालांतला आणि कानशिलांजवळचा मेद लवकर उतरतो, त्यामुळे माणूस काही काळ थकलेला आणि वयापेक्षा मोठा दिसतो. वजन स्थिरावले, खाणे नीट झाले, की चेहराही काहीसा भरतो. तोवर कोणाला काय सांगायचे, हा पूर्णपणे तुझा प्रश्न आहे. शस्त्रक्रियेचे कोणाला सांगणे तुझ्यावर बंधनकारक नाही. ‘डॉक्टरांच्या सल्ल्याने वजन कमी केले, तब्येत उत्तम आहे’, एवढे वाक्य पुरेसे आणि खरे आहे. आमच्याकडे कोणी विचारले, तर आम्हीही तेवढेच सांगतो.

लग्नाच्या बाबतीत मात्र माझे मत याहून वेगळे आहे. बायोडाटासोबत जुना फोटो पाठवायचा की नवा, असे तू विचारलेस. आत्ताचा फोटो पाठव, फिल्टर न लावता. आणि दोन्ही घरांनी पुढे जायचे ठरवले, की मुलीला तू स्वतः शस्त्रक्रियेविषयी सांग. जिला आयुष्यभर तुझ्यासोबत जेवायला बसायचे आहे, तिला तू दोन घासांनंतर का थांबतोस, दरवर्षी रक्त का तपासतोस, हे लग्नाआधी कळायला हवे. शरीर कसे दिसते याविषयीही तिच्याशी मोकळेपणाने बोलता आले पाहिजे, भले ते बोलणे दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत होवो. ज्या घरी हे ऐकून स्थळ मोडेल, ते लग्नानंतर कळून मोडण्यापेक्षा आधी मोडलेले बरे. तुझ्या आईला हे मत कठोर वाटते, मला ते न्यायाचे वाटते.

यंदा गणपतीच्या पूजेला धाकट्या काकांच्या मुलाला बसवा, असे तू लिहिलेस आणि कारण लिहिले नाहीस, पण ते मला समजले. सोवळे नेसून उघड्या अंगाने सगळ्यांसमोर बसणे तुला नको आहे. मी गुरुजींशी बोललो आहे. तू धुतलेला सुती सदरा घालून किंवा उपरणे अंगभर घेऊन बसलास, तर त्यांची काही हरकत नाही आणि माझीही नाही. तुझ्या शरीराविषयी मी त्यांना एक शब्दही सांगितलेला नाही. प्राणप्रतिष्ठा तूच करावीस, अशी माझी इच्छा आहे. तरीही तुला जड वाटत असेल, तर यंदा मी बसेन आणि त्याबद्दल घरात कोणी तुला प्रश्न विचारणार नाही. पोहण्याचेही असेच आहे. लहानपणी तू कृष्णेच्या घाटावर तासन्‌तास पाण्यात असायचास, आणि आता तलावावर शर्ट काढायचा म्हणून तू पोहणेच सोडलेस, हे वाचून मला फार वाईट वाटले. पूर्ण बाह्यांचे, अंगाला घट्ट बसणारे पोहण्याचे कपडे मिळतात आणि पुण्यातल्या तलावांवर पुष्कळ माणसे ते घालतात. त्यांच्याने घडीही सावरली जाते. एक जोड घे. पैसे मी पाठवले आहेत.

अजूनही कपड्यांच्या दुकानात तुझा हात मोठ्या मापाच्या शर्टाकडे जातो आणि अरुंद दारातून जाताना तू तिरका होतोस, असे तू लिहिलेस. शरीर बदलले तरी मनातले शरीर मागेच राहते आणि त्याला नवे माप कळायला बराच काळ लागतो, हे वजन उतरलेल्या पुष्कळ माणसांना अनुभवास येते. परंतु मन सतत उदास राहू लागले, झोप उडाली, कोणाला भेटू नये असे वाटू लागले, तर ते सवयीवर सोडू नकोस. या शस्त्रक्रियेनंतर काही जणांना नैराश्य येते आणि त्यावर उपचार आहेत. तुझ्या सर्जनच्या पथकातल्या मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घे. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते, आणि माझा फोनही रात्री उशाशीच असतो.

शेवटी, कातडी काढण्याच्या शस्त्रक्रियेविषयी. तू ती दिवाळीत करून घ्यावी म्हणतोस. ती करायलाच नको, असे मी म्हणणार नाही. तुला हवी असेल, तर तो तुझा हक्क आहे. पण दिवाळी फार लवकर होते. वजन किमान सहा महिने एका जागी राहिले पाहिजे, आणि ते साधारणपणे पहिल्या शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिन्यांनी होते. त्याआधी कातडी काढली आणि वजन पुढे उतरले, तर उरलेली कातडी पुन्हा सैल पडते. पोटाच्या शस्त्रक्रियेत एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत जाणारा लांब व्रण राहतो, तो फिका होतो पण जात नाही. काही आठवडे जड उचलता येत नाही, घट्ट पट्टा बांधावा लागतो, जखमेत पाणी साचू शकते. ज्याच्या रक्तात प्रथिने कमी असतात, त्याची जखम भरायला वेळ लागतो, म्हणून त्या शस्त्रक्रियेची तयारी तुझ्या रात्रीच्या ताटापासूनच होते. दिसण्यासाठीची प्लास्टिक सर्जरी आरोग्यविम्यातून वगळलेली असते. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना, अथवा प्रकृतीला थेट धोका असल्याचे डॉक्टरांनी प्रमाणित केलेले असणे, हे अपवाद. घडीखालचा संसर्ग वारंवार होत असेल, तर प्रत्येक वेळी डॉक्टरांकडून लेखी नोंद करून घे. तरीही विम्याचे पैसे मिळतीलच असे धरून चालू नकोस. खर्चाची सोय मी करून ठेवतो आहे. पुढच्या मे महिन्यात वजन स्थिर असेल, तर आपण दोघे मिळून प्लास्टिक सर्जनकडे जाऊ, एक पुण्यातले आणि एक मिरजेतले, आणि दोघांचे ऐकून तू ठरव.

आज रात्रीपासून जेवायला लाग, आणि येत्या आठवड्यात रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व आणि अल्ब्युमिन (रक्तातले प्रथिन) एवढ्या तपासण्या चिठ्ठीवर आहेत ना, ते पाहा, आणि रिपोर्ट आला, की त्याचा फोटो मला पाठव.

तुझा,
बाबा